मालनआत्याचं ऊन

घराचा फोटो काढताना दर्शनाला खोलीत माणसं नको असत. तिच्या पद्धतीत कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवून एकाच जागेवरून पाच-सहा फोटो काढायचे असतात आणि नंतर ते एकमेकांवर बसवायचे असतात. मधे कोणी हललं, की त्याचा एक हात या फोटोत आणि दुसरा त्या फोटोत राहतो. म्हणून कामाला गेल्यावर तिची पहिली विनंती असे ती घरच्यांनी जरा बाहेर थांबावं ही. आर्किटेक्ट लोकांनी सजवलेल्या मोठ्या घरांत ते सहज जमून जाई. घोडपदेवच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तिने हीच विनंती केली, तेव्हा राजेश आपल्या बहिणीकडे बघून म्हणाला, "ऐकलंस ताई? आपण जन्मभर एकमेकांना हेच सांगत आलो." राजेश बेस्टमध्ये कंडक्टर होता, नुकताच निवृत्त झाला होता. "पुढे सरका, पुढे सरका," म्हणत तो स्वतःच आधी गॅलरीत गेला.

दर्शनाला बोलावलं होतं राजेशच्या मुलीने, पूर्वीने. पूर्वी लोअर परळला मोठाले फलक छापणाऱ्या कंपनीत कामाला होती. चाळ पाडायची होती. नवी होईपर्यंत सगळ्या बिऱ्हाडांनी भाड्याने राहायचं ठरलं होतं, आणि राजेशने अँटॉप हिलला दोन खोल्यांचं घर घेतलंही होतं. सामान बांधून झालं होतं. अडलं होतं ते मालनआत्यापाशी. मालन ही राजेशची मोठी बहीण, वय सदुसष्ट, लग्न केलेलं नाही. आईवडील गेल्यावर राजेशला तिनेच वाढवलं, तेही पापड, कुळथाचं पीठ आणि सांडगी मिरच्या विकून. तिचं म्हणणं एकच होतं. तिच्या खोलीतलं ऊन नव्या घरी मिळणार नसेल तर ती चाळ सोडणार नाही. पोलीस आले तरी नाही.

पूर्वीने त्यावर तोड काढली होती. खोलीचा फोटो काढायचा, नव्या घराच्या एका भिंतीएवढा छापायचा आणि तिथे लावायचा. उंबऱ्यापासून माळ्यापर्यंत सगळं जसंच्या तसं. आत्याला ती कल्पना पसंत पडली. अट एवढीच, की फोटोत तिला रोज दिसतं तसं दिसलं पाहिजे. पूर्वीने मोबाइलवर प्रयत्न करून बघितला होता. एका फोटोत खिडकी नुसती पांढरी होती आणि दुसऱ्यात समोरच्या चाळीवरचे कपडे स्वच्छ दिसत होते, पण खोलीचा कोळसा झाला होता.

दर्शनाने तिला कारण समजावून सांगितलं. दर्शना आधी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे आणि समजावून सांगताना तिचा आवाज अजूनही जरा खाली येई. डोळा खिडकीकडे वळला की बाहुली लहान होते, कोपऱ्याकडे वळला की मोठी होते, आणि आपल्याला वाटतं आपण सगळं एकदम बघितलं. कॅमेऱ्याला एका वेळी एकच ठरवावं लागतं. म्हणून एक फोटो बाहेरच्या उजेडाचा, एक आतल्या उजेडाचा काढायचा, लागला तर थोडा फ्लॅश छतावरून उडवून घ्यायचा, आणि मग त्यांची तडजोड घालायची. बाहेरचं अगदी आतल्याइतकं करायचं नाही, नाहीतर खिडकीत चित्र चिकटवल्यासारखं दिसतं. बाहेर नेहमी थोडं जास्त उजळ ठेवायचं. राजेश गॅलरीतून म्हणाला, की बायकोशी तो अशीच तडजोड करतो.

दर्शनाने कॅमेरा मोरीच्या कोपऱ्यात लावला. तिथून समोर पश्चिमेची खिडकी आणि दार, त्यापलीकडे गॅलरी दिसत होती. उजव्या हाताला उत्तरेची भिंत होती, तिला लागून लोखंडी कपाट होतं. ती भिंत शेजारच्या कौसल्याबाईंच्या खोलीशी सामाईक होती. जेवणं उरकली होती. खोलीच्या मधोमध जुन्या साडीवर उडदाचे पापड पसरले होते आणि मालनआत्या ते एकेक करून उलटत होती. पापडांवर ऊन होतं.

दर्शनाने आधी त्याकडे नुसतं प्रकाशाचा एक तुकडा म्हणून बघितलं. चांगला होता. फोटोला अशा तुकड्याने जीव येतो. मग उजेड मोजायचा मीटर हातात घेऊन ती जवळ गेली आणि थांबली.

उन्हात खिडकीच्या गजांची सावली पडली होती. मालनआत्याच्या खिडकीला बोटाएवढे लोखंडी गज होते. ही सावली मनगटाएवढ्या जाड गजांची होती, लाकडी असावेत अशी. आणि ती तिरपी पडली होती दक्षिणेकडे. म्हणजे ऊन उत्तरेकडून, भिंतीकडून येत होतं.

तिने मान वर करून कपाटाकडे बघितलं. कपाटाला आरसा होता, आणि समोरच्या चाळीमागे एक काचेची नवी इमारत उभी राहिली होती. इमारतीवरून ऊन आरशात, आरशातून जमिनीवर. असं होतं. मुंबईत आता उन्हाला बरेच आडवाटेचे रस्ते मिळाले आहेत. तिने आरशावर चादर टाकली. ऊन तिथेच राहिलं.

मग तिने खिडकी आणि दार दोन्ही काळ्या कापडाने बंद केलं. हा तिच्या कामाचाच भाग होता, बाहेरचा निळसर उजेड अडवला की आतल्या पिवळ्या दिव्याचे रंग स्वच्छ येतात. आज तिने दिवाही लावला नाही. खोलीत अंधार झाला. भांडी दिसेनाशी झाली, माळा दिसेनासा झाला. पापड मात्र उन्हात होते.

"मुद्दाम कशाला झाकतेस गो," मालनआत्या म्हणाली. "ता त्या खिडकीतून येत नाही."

आणि ती पापड उलटत राहिली.

दर्शनाने हात पुढे केला. तळव्याला कोवळं गरम लागलं. मीटरवर रंगाचा आकडा बघितला, तो सकाळच्या पहिल्या उन्हाचा होता, सूर्य जेमतेम वर आलेला असताना असतो तसा. दुपार कलायला लागली होती. तिने ते बोलून दाखवलं, तर मालनआत्याने मान डोलावली. सकाळचंच आहे, म्हणाली, पोचायला वेळ लागतो. आई होती तेव्हापासून येतं. पावसाळ्यातही येतं, म्हणून तर श्रावणात अख्ख्या घोडपदेवात पापड असतात ते फक्त तिच्याकडे. चाळीतल्या बायका आपली वाळवणं इथेच आणून टाकत. कोणाला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नव्हतं. नळाला पाणी कुठून येतं, हे तरी कोण विचारतं.

दर्शना वाद घालणाऱ्यातली नव्हती. ती मोजणाऱ्यातली होती. सूर्य हा ठिपका नाही, तबकडी आहे, म्हणून उन्हातल्या सावलीची कड धूसर असते. वस्तू जमिनीपासून जितकी लांब, तितकी धूसर पट्टी रुंद. पट्टीची रुंदी शंभराने गुणली की साधारण अंतर मिळतं. वर्गात ती हे पेन्सिलने दाखवत असे. पेन्सिल कागदाकडे खाली खाली आणायची, सावलीची कड हळूहळू रेखीव होत जाते. गजांच्या सावलीची कड तिने पट्टी लावून बघितली. तीन सेंटिमीटर. म्हणजे गज तीन मीटरवर होते. भिंत होती एका मीटरवर.

खिडकी कौसल्याबाईंच्या खोलीत होती. भिंतीपासून दोन मीटर आत, मधोमध.

कौसल्याबाई मुलाकडे राहायला गेल्या होत्या आणि त्यांच्या खोलीचं दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. दर्शना गॅलरीतून तिथे गेली. जाताना मोबाइल पूर्वीच्या हातात दिला, कॅमेऱ्याचं बटण त्यातूनच दाबता येत होतं, आणि मधून मधून फोटो काढत राहा असं सांगितलं. रिकाम्या खोलीत पाळण्याची कडी होती आणि भिंतीवर जिथे बाबासाहेबांची तसबीर असे तिथे रंगाचा ताजा चौकोन होता. ती पावलं मोजत मधोमध जाऊन उभी राहिली. काही नव्हतं. बंद खोलीचा वास, कबुतराचं एक पीस. पलीकडून राजेशचा आवाज आणि दोघी बायकांचं हसणं स्पष्ट ऐकू येत होतं. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि परत आली.

पूर्वी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याकडे बोट दाखवत होती. एका फोटोत उन्हामध्ये गजांच्या बरोबरीने डोक्याचा, खांद्यांचा आकार पडला होता. राजेशला तर आनंदच झाला. "मॅडम, तुम्ही भिंतीतून पण दिसता," तो म्हणाला. पूर्वी हसली, दर्शनाही हसली. मालनआत्या तेव्हा पापड डब्यात भरत होती. तिने पडदा बघितला नाही.

बाकीचे फोटो दर्शनाने नेहमीसारखे काढले. बाहेरचा, आतला, दिव्याचा, आणि एक खास त्या उन्हासाठी.

दादरच्या घरी तिने ते एकमेकांवर बसवले आणि तडजोड मनासारखी जमली. समोरच्या चाळीवरचे कपडे दिसत होते, पितळेच्या डब्यांवरची नावं दिसत होती, आणि दोन्हींच्या मधे ते ऊन होतं. त्यातली सावली तिने पुसून टाकली. स्वतःच्या फोटोत स्वतःची सावली येणं हा तिच्या धंद्यातला पहिला दोष. तो दिसला की हात आपोआप चालतो.

फोटो छापला गेला, अँटॉप हिलच्या भिंतीवर लागला, आणि दोन दिवसांनी पूर्वीचा फोन आला, की आत्याचं बिनसलं आहे, तुम्ही जरा याल का.

नवं घर सातव्या मजल्यावर होतं. बाहेरच्या खोलीत मालनआत्या फोटोसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. तिने दर्शनाला तोंडभर शाबासकी दिली. डब्यावरचं 'हळद' वाचता येतं म्हणाली. शेजारणीची फाटकी परकर-चोळी पण ओळखू येते, ती बघायला आली तर भांडेल. मग तिने उन्हाच्या चौकोनाकडे बोट केलं.

"ती खंय गेली?"

दर्शनाने विचारलं, कोण.

उन्हात उभी राहते ती, मालनआत्या म्हणाली. रोज नाही, कधी कधी. त्या दिवशी दुपारी तर नक्की होती, पापडांवर सावली आली म्हणून तिने साडी जरा सरकवली होती.

ती माझी सावली होती, दर्शना म्हणाली. मी शेजारच्या खोलीत उभी होते, आणि चुकून आलेली सावली मी पुसली.

मालनआत्या खुर्चीवरून उठली. तिने दर्शनाच्या मानेवरून हात फिरवला. दर्शनाचे केस पुरुषासारखे बारीक कापलेले होते.

"तुका अंबाडो कधी होतो गो?"



ती कोण, ते मालनआत्याला ठाऊक नव्हतं. आईलाही नसावं. ती गजाला धरून उभी राहते, आत बघते, आणि जाते. कधी त्रास दिला नाही. पण सगळी चाळ उठून गेल्यावर तिने बघायचं कोणाकडे? ती नसेल तर मी येणार नाही, मालनआत्या म्हणाली, आणि तिने पायांत चपला घातल्या. चाळीतलं पाणी पुढच्या आठवड्यात तुटणार होतं. पूर्वीच्या डोळ्यांत पाणी आलं. राजेश गॅलरी शोधत असल्यासारखा दाराकडे गेला आणि परत आला. "मॅडम," तो हळू म्हणाला, "घालाल का तिला परत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शनाने मूळ फोटो उघडला. तो आता तिने पहिल्यांदाच मोठा करून बघितला. डोकं, मानेवर अंबाडा, बारीक खांदे, गजावर ठेवलेला एक हात. याहून जास्त काही कळत नव्हतं. कड फार धूसर होती. तिने ती पापडाच्या मापावरून मोजली, पाच सेंटिमीटर भरली. पाच मीटर. गज तीनवर, ही पाचवर. म्हणजे ती गजांपासून दोन मीटर मागे, बाहेर उभी होती, आणि हात गजावर असल्याचा नुसता भास होता. हे गणित जमलं तेव्हा दर्शनाला बरं वाटलं. जे बाहेर आहे ते बाहेर आहे, एवढं तरी नक्की झालं. तिने सावली होती तिथे, होती तशी परत बसवली.

फोटो पुन्हा छापून लागला आणि मालनआत्या राहायला आली. त्यानंतर महिन्याभराने तिने दर्शनाला जेवायला बोलावलं, आणि नाही म्हणणं शक्य नव्हतं, कारण कोंबडी-वड्यांचं बोलावणं होतं.

चाळीवरचे पत्रे तोवर उतरले होते. इकडे घर लागलं होतं. जेवण इतकं झालं, की दर्शनाला सरळ बसवेना. राजेश कंडक्टरच्या गोष्टी सांगत होता, पूर्वी त्या आधीच पूर्ण करून टाकत होती. मग मालनआत्या वाटीभर सोलकढी हातात देऊन म्हणाली, "चल, दाखवते."

बाहेरच्या खोलीत भिंतीएवढा फोटो होता. त्याच्यासमोर जमिनीवर जुनी साडी, साडीवर पापड. पलीकडे कोणा शेजारणीच्या मिरच्याही होत्या.

पापडांवर ऊन होतं.

ते फोटोच्या भिंतीकडून येत होतं. खरी खिडकी दुसऱ्या बाजूला होती, तिचा पडदा ओढलेला होता.

"पत्ता बदलला हे आम्ही कळवलं नव्हतं हां," राजेश मागून म्हणाला. "आपलं आपण आलं."

दर्शनाने फोटोवर हात टेकवला. कागद थंड होता. फोटोतल्या उन्हात तिने बसवलेली सावली नव्हती. नुसते गज होते.

"ती गेली?" तिने विचारलं.

मालनआत्या हसली. तिचा चेहरा लेकीचं बाळंतपण नीट पार पडलेल्या बाईसारखा दिसत होता. चाळीत जागा कुठे होती, ती म्हणाली. दहा बाय बाराची खोली, त्यात आम्ही एवढी माणसं. कोणाला आत ये म्हणणार? आता एक खोली जास्त आहे.

"म्हटलं, ये गो. किती उभी राहशील."

दर्शनाने खाली बघितलं.

गजांची सावली होती तशीच होती. कड धूसर, तीन सेंटिमीटर, मोजायची गरज नव्हती.

तिच्या अलीकडे अंबाड्याची सावली होती. या खेपेला त्यातून सुटलेले दोन-चार केस वेगवेगळे दिसत होते.

एक हात पुढे आलेला होता. त्याच्या बोटांची सावली काठावरच्या पापडावर पडली होती, आणि तिथे कड पात्याने कापल्यासारखी होती, धूसरपणा कुठेच नव्हता.

वर्गात पेन्सिल दाखवताना दर्शना शेवटी मुलांना विचारत असे, की कड अशी पूर्ण रेखीव केव्हा होते. मुलं एका सुरात उत्तर देत. टेकल्यावर, मॅडम.